मोहाच्या भट्टीचा परवाना गावाच्या हाती द्या
राज्याच्या उत्पादन शुल्क मंत्र्यांना खुले पत्र

माननीय राज्य उत्पादन शुल्क मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई


पालघर जिल्ह्यातल्या डहाणूत साउथ सीज डिस्टिलरीज हा चिनॉय कुटुंबाचा कारखाना आहे. या कारखान्याने अलीकडच्या काळात ‘सिक्स ब्रदर्स’ या नावाने मोहाची दारू बाटलीत भरून बाजारात आणली. घराण्यातल्या सहा भावांच्या आठवणीसाठी हे नाव ठेवले आहे. ही दारू आता परदेशी मद्याच्या बाटल्यांशेजारी मांडली जाते आणि जाणकार तिच्या वासाची, चवीची चर्चा करतात. रीतसर परवाना काढून, कर भरून एका हिणवल्या गेलेल्या दारूला मान मिळवून दिला, याबद्दल त्या कारखान्याचे कौतुकच करायला हवे.

त्याच तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात, त्याच जातीच्या झाडाखाली वेचलेली फुले एखादी वारली किंवा कोकणा बाई घरामागे गाळते, तेव्हा मात्र छापा पडतो. फुलांचा आंबवलेला सडवा जमिनीवर ओतला जातो, भांडी फोडली जातात आणि गुन्हा दाखल होतो. दोन्हीकडे फूल तेच असते, आंबवणे तेच आणि वाफ थंड करून थेंब गोळा करणेही तेच. एकाकडे परवाना आहे, दुसरीला तो मागायचा कसा हेसुद्धा कुणी सांगितलेले नाही. हे पत्र तिच्यासाठी तो रस्ता मागते, आणि त्या रस्त्याची किल्ली तिच्या गावाकडे असावी असेही मागते.

मोहाची थोडी ओळख द्यायला हवी, कारण मंत्रालयातल्या फायलीत तो बहुधा ‘गुन्ह्यातला मुद्देमाल’ म्हणूनच येतो. फाल्गुन-चैत्रात पाने गळालेल्या फांद्यांच्या टोकांना मोहाला झुबके लागतात. फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. मांसल, मलईच्या रंगाची, गोड फुले. उजाडायच्या आत बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उशीर झाला तर गुरे आणि रानातली जनावरे ती संपवतात. चार दिवस उन्हात वाळली की ती मनुकांसारखी तपकिरी होतात आणि तेव्हा त्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणूनच ती भाकरीत मळली जातात, भाजून खाल्ली जातात, दुष्काळात तर त्यांनी माणसे जगवली आहेत. बियांचे तेल निघते. शेतात काम नसलेल्या आणि घरात धान्य संपत आलेल्या महिन्यांत हातात रोकड देणारी झाडे रानात फार नाहीत, त्यांत मोह पहिला.

पण ही रोकड तुटपुंजी असते. हंगामात सगळ्यांकडेच फुले असतात, साठवायला कोरडी जागा नसते आणि उधारी अंगावर असते. व्यापारी भाव पाडून उचल करतो. पावसाळ्यात घरच्या कार्याला फुले लागली की तीच माणसे चढ्या भावाने परत विकत घेतात. किंमत वाढते ती फुलावर प्रक्रिया झाल्यावर, आणि नेमकी ती प्रक्रिया करण्याचा कायदेशीर हक्क वेचणाऱ्याकडे नाही.

ही प्रक्रिया साधी दिसते, पण ते कौशल्याचे काम आहे. वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबू दिली जातात, किती दिवस ते हवेतल्या उष्म्यावर ठरते. हा सडवा तयार झाला की नाही, हे गाळणारी बाई त्याच्या वासावरून आणि वर येणाऱ्या बुडबुड्यांवरून ओळखते. मग तो चुलीवर चढतो. विदर्भात आणि त्यापलीकडच्या गोंड मुलखात भांड्यावर भांडे रचण्याची जुनी पद्धत आहे. खालच्या भांड्यात सडवा, सर्वांत वर गार पाण्याचे भांडे. वाफ वरच्या भांड्याच्या बुडाला लागून थंड होते आणि थेंब मधल्या भांड्यात जमतात. वरचे पाणी तापले की बदलायचे. ते किती वेळा बदलले यावरून दारू कडक की सौम्य हे ठरते. आच जास्त झाली तर करपट वास येतो, कमी पडली तर धार बारीक होते. स्कॉटलंडमधल्या तांब्याच्या भट्टीवर उभा असलेला माणूस याच आचेची आणि याच धारेची काळजी घेतो. तिकडे त्याला कसबी कारागीर म्हणतात.

या कारागिरीला गुन्हा ठरवण्याचा इतिहास मोठा आहे आणि तो आपल्या खात्याच्या जन्माशी जोडलेला आहे. इंग्रज सरकारने 1878 मध्ये मुंबई आबकारी कायदा आणला. दारू गाळण्याचे हक्क हळूहळू मोजक्या मक्तेदारांकडे आणि सरकारी देखरेखीखालच्या भट्ट्यांकडे गेले. तरीही ठाणे-कुलाब्याच्या जंगलात घरोघरी मोह गाळला जातच होता, म्हणून 1892 मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला. दारू राहू द्या, फूल जवळ बाळगणेच त्याने नियंत्रणाखाली आणले. अंगणातल्या झाडावरून पडलेले फूल सरकारी महसुलाला धोका ठरले. त्यामागे लोकांच्या आरोग्याची काळजी होती असे मानायला आधार सापडत नाही. मक्त्याची दारू खपावी, हा हिशेब मात्र स्पष्ट दिसतो. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, त्याचा हेतू वेगळा होता. पण मोहफुलांवरची बंधने त्यातही चालू राहिली.

अलीकडे राज्याने दोन चांगली पावले टाकली, त्यांची नोंद घेतलीच पाहिजे. मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरची बंधने 2021 मध्ये उठली. मग एप्रिल 2022 मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहफुले यांपासून गाळलेल्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे हे मद्य देशी दारूच्या गुत्त्यातून बाहेर पडून चांगल्या दुकानात आणि हॉटेलात जाऊ शकते, ही जमेची बाजू. अडचण अशी की या दर्जाबरोबर कारखान्याचे सगळे सोपस्कार येतात: बंदिस्त आवार, नोंदवह्या, खात्याची देखरेख, लेबलची नोंदणी, वर्षाची फी. हे नियम हजारो लिटर रोज गाळणाऱ्या उद्योगासाठी लिहिलेले आहेत. अक्कलकुव्यातल्या वीस बायकांच्या बचत गटाला त्यातला पहिला अर्ज भरतानाच माघार घ्यावी लागेल. फूल मोकळे झाले, भट्टी मात्र भांडवलवाल्याचीच राहिली.

नवा वर्ग तयार करणे सरकारला अवघड नाही, हे 2025 च्या जूनमध्ये दिसले. मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्यापासूनच्या मद्याचा स्वतंत्र प्रकार मान्य केला. तो राज्यातल्या उत्पादकांसाठी राखून ठेवला आणि 180 मिलीची किमान किंमतसुद्धा 148 रुपये अशी ठरवून दिली. महसूल वाढवण्याच्या गरजेतून हे झाले, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण ज्या तत्परतेने धान्याच्या दारूसाठी रकाना आखला गेला, त्याच तत्परतेने आदिवासींच्या छोट्या भट्टीसाठी एक रकाना आखता येईल.

त्यासाठी फार लांब पाहायला नको. नंदुरबारची सीमा ओलांडली की मध्य प्रदेशचा अलीराजपूर जिल्हा लागतो. त्या राज्याने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज मद्य’ मानणारे धोरण आणले. अलीराजपूर आणि दिंडोरी इथल्या आदिवासी बचत गटांना गाळण्याचे काम दिले. अलीराजपूरची दारू ‘मोंड’ आणि दिंडोरीची ‘मोहुलो’ या नावाने बाटलीत आली. गट छोटे आहेत, विक्रीच्या अडचणी आहेत, सगळे सुरळीत झाले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण परवाना कुणाच्या नावावर असावा, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी बरोबर दिले. सातपुड्याच्या अलीकडचे भिल आणि पावरा पलीकडच्यांचेच सोयरे. त्यांच्यासाठी कायदा सीमेपाशी बदलावा, याला कारण सापडत नाही.

दक्षिणेला गोवा आहे. तिथे काजूच्या हंगामात डोंगरउतारांवर भट्ट्या लागतात. बोंडे तुडवून रस काढतात, तो आंबवतात आणि भाणात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, उकळतात. पहिल्यांदा गाळला की सौम्य हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. या भट्ट्या हंगामापुरत्या असतात आणि परवानाही हंगामापुरता. वर्षभर चालणाऱ्या कारखान्याच्या मापाने त्यांना मोजायचे नाही, हे गोव्याच्या अबकारी व्यवस्थेला फार पूर्वी समजले. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला राज्याच्या वारशाचे पेय ठरवले आणि 2021 मध्ये फेणीचे स्वतंत्र धोरण आणले. पुढे हा मोकळेपणा इतरांनाही उपयोगी पडला. ‘ग्रेटर दॅन’, ‘हापुसा’, ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ यांसारख्या छोट्या भट्टीच्या जिन गोव्यातूनच निघाल्या. हिमालयातली जुनिपरची फळे, गोंधराज लिंबू, हळद असे देशातले जिन्नस त्यांत पडले. डेझमंड नाझरेथ यांनी आंध्र प्रदेशातल्या आपल्या भट्टीत दख्खनच्या घायपातापासून मद्य गाळले आणि 2018 मध्ये मोहाची दारू आणली, तीही गोव्याच्या बाजारात. घायपात तर आपल्या सोलापूर-अहिल्यानगरच्या बांधांवर कुंपण म्हणून उभा असतो.

आणि गोव्याला लागूनच आपला दोडामार्ग आहे, सावंतवाडी आहे. तिथला बागायतदार बी काढून घेतो. बीच्या कितीतरी पट वजनाचे बोंड झाडाखाली कुजते किंवा टेम्पोत भरून सीमेपलीकडच्या भट्टीत जाते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती दिल्या, बागा वाढल्या. पण बोंडाचा पैसा सिंधुदुर्गात थांबत नाही. मोहाची गोष्ट आदिवासी हक्काची आहे आणि बोंडाची शेतकऱ्याच्या उत्पन्नाची, तरी दोघांचीही अडचण त्याच एका नियमावलीत आहे.

राज्याला हे काम नवे नाही, द्राक्षाच्या बाबतीत ते करून झाले आहे. 2001 मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली. नाशिकजवळ विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभारले. त्याआधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असलेले वाइन कारखाने त्यानंतर वाढले आणि नाशिकचे नाव देशभर झाले. सरकारने तेव्हा मान्य केले की शेतमालापासून बनलेल्या पेयाला वेगळे मोजावे लागते. द्राक्ष बागायतदाराला जे मिळाले ते मोह वेचणाऱ्याला मिळू नये, असा नियम कुठे लिहिलेला नाही.

आता गंभीर आक्षेपांकडे. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत गावठी दारू पिऊन शंभरहून अधिक माणसे मेली. बहुतेक जण हातावर पोट असलेले होते. असे काही घडले की ‘हातभट्टी’ हा शब्द ऐकूनही अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. पण त्या दारूत काय होते? औद्योगिक वापराचे मिथेनॉल. ते फुलातून आले नव्हते, नफ्यासाठी मिसळले गेले होते. काळा गूळ, नवसागर, रसायने यांची जी दारू शहरांच्या कडेला विकली जाते, तिला मोहाची दारू म्हणणे मोहावर अन्याय आहे. बेकायदा धंद्यात शुद्धता तपासणारा कुणी नसतो, आणि जो पकडला जाण्याच्या भीतीने घाईघाईत गाळतो तो धार नीट निवडतही नाही. सुरुवातीला येणाऱ्या धारेत लवकर उडणारे उग्र, अपायकारक घटक अधिक असतात. प्रशिक्षित कारागीर ती बाजूला काढतो, मधली धार ठेवतो आणि शेवटची पुन्हा गाळायला घेतो. लोकांमध्ये ‘पहिल्या धारेची’ हीच अस्सल समजली जाते. हा समज घालवायचा तर छापे पुरत नाहीत, शिकवावे लागते. मद्यांसाठी अन्न सुरक्षेचे विनियम 2018 पासून आहेत. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेत मद्यार्क तंत्रज्ञानाचा विभाग आहे. शिकवणारे आणि तपासणारे दोन्ही घरातच आहेत.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, कारण तो गावातल्या बायकांचा आहे. दारूने संसार मोडलेल्या बाईसमोर वारशाची भाषा करणे क्रूरपणाचे आहे, आणि हे पत्र ती करणार नाही. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या आंदोलनातून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासह अनेक कार्यकर्ते आणि गावोगावच्या स्त्रिया त्यासाठी वर्षानुवर्षे झटल्या. चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली, तेव्हा अनेक स्त्रियांना आपला विश्वासघात झाल्यासारखे वाटले. म्हणून ही मागणी स्पष्ट मर्यादेत आहे: जिथे दारूबंदी आहे त्या जिल्ह्यात हात लावू नये. मोहाच्या निमित्ताने गडचिरोलीची बंदी सैल करायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर त्याला या पत्राचा आधार घेता येणार नाही.

आदिवासींच्या इतिहासात गाळण्याचा हक्क आहे, तसा नाकारण्याचाही आहे. जन्माला, लग्नाला, पेरणीला, पितरांना मोहाची धार वाहणारे लोक तेच आणि 1922 मध्ये पालघरच्या किनाऱ्यापासून दक्षिण गुजरातच्या डोंगरांपर्यंत पसरलेल्या देवीच्या चळवळीत दारू सोडण्याची शपथ घेणारेही तेच. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी त्या चळवळीचा सविस्तर अभ्यास केला आहे. दारूचे मक्तेदार आणि सावकार यांच्या पकडीतून सुटण्याची धडपड त्यांना त्यात दिसली. गाळावे की सोडावे, हे ठरवणारे लोक स्वतः होते. दीडशे वर्षांत त्यांच्याकडून काढून घेतला गेला तो हा निर्णय.

तो परत देण्याची तरतूद कायद्यात आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मद्याची बंदी करण्याचा, त्याची विक्री आणि सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार मान्य केला. गौण वनोपजाची मालकीही त्या कायद्याने आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांकडे दिली. मोहाचे फूल गावाचे आहे आणि दारूवरचा निर्णयही गावाचा आहे. या दोहोंना जोडणारा परवाना तेवढा नाही.

तो कसा असावा याची रूपरेषा अशी सुचते. परवाना ग्रामसभेच्या ठरावाशिवाय मिळू नये, आणि ठरावासाठी महिलांची वेगळी बैठक सक्तीची असावी. आडव्या बाटलीच्या मतदानाने राज्यातल्या बायकांनी दुकाने बंद करून दाखवली आहेत. तोच अधिकार या भट्टीलाही लागू असावा, म्हणजे निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी नको म्हटले की परवाना संपला. परवाना हंगामी असावा आणि फी लिटरवर बसवावी, म्हणजे दोनशे लिटर गाळणाऱ्याने दोन लाख लिटरवाल्याइतका बोजा उचलू नये. परवानाधारक गट त्याच गावातला असावा आणि परवाना विकता किंवा भाड्याने देता येऊ नये. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण आदिवासीच्या नावावर परवाना आणि बाहेरच्या शेठकडे धंदा, हा प्रकार जमिनींच्या व्यवहारांत महाराष्ट्राने पुष्कळ पाहिला आहे.

विक्री गावात नको. जी दारू पर्यटकासाठी आणि शहरातल्या ग्राहकासाठी गाळली जाते, ती तिथेच जावी. भंडारदरा, तोरणमाळ, जव्हार इथे येणाऱ्या पाहुण्याला ती पर्यटन विकास महामंडळाच्या निवासात मिळावी आणि बाटलीवर गावाचे नाव असावे. गावातल्या गुत्त्याला पर्याय उभा करणे हा या योजनेचा हेतू नाही. घरच्या देवकार्यापुरते गाळण्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याला मर्यादित प्रमाणात सूट देऊन तो गुन्ह्यांच्या यादीतून काढावा, शेजारच्या राज्यांनी ते केले आहे.

मोहाच्या जंगलाचाही यात फायदा आहे. फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि उन्हाळ्यातले कितीतरी वणवे तिथूनच पेटतात. चांगल्या दारूला धूळ-राख न लागलेली, झाडाखाली जाळी बांधून झेललेली फुले लागतात. भट्टी गटाची असेल तर स्वच्छ फुलाला जास्त भाव देणे गटालाच परवडते, आणि काडी ओढण्याचे कारण कमी होते. जाळ्यांचा खर्च वन विभागाच्या वणवा प्रतिबंधाच्या निधीतून सहज निघेल.

सुरुवात राज्यभर करण्याची गरज नाही. नंदुरबार, नाशिक आणि पालघर या तीन जिल्ह्यांतल्या, स्वतःहून पुढे येणाऱ्या मोजक्या ग्रामसभांपासून करावी. तीन हंगाम चालवून पाहावे. त्या गावांत दारूमुळे होणाऱ्या मारहाणीच्या तक्रारी वाढल्या की घटल्या, फुलाचा भाव किती चढला, पैसा बायकांच्या खात्यात गेला की नाही, हे दरवर्षी ग्रामसभेसमोर वाचून दाखवावे. आकडे वाईट निघाले तर योजना थांबवावी.

मंत्री महोदय, मोह मार्चमध्ये गळू लागतो. नियमांचा मसुदा त्याआधी मराठीत प्रसिद्ध व्हावा, भिली, कोकणा आणि वारली बोलींत समजावून सांगितला जावा, आणि हरकती मागवताना मुंबईतल्या सुनावणीवर न थांबता अधिकाऱ्यांनी धडगाव, पेठ, जव्हार इथल्या आठवडी बाजारांच्या दिवशी बसावे. मसुदा लिहिणाऱ्या समितीत मोह गाळणारी एक तरी बाई असावी आणि दारूबंदीसाठी लढलेली एक तरी बाई असावी. दोघींना बैठकीचा भत्ता आणि येण्याजाण्याचे भाडे आगाऊ द्यावे.